हलका क्लच

जयपुरात, झालान्यातल्या ऑफिसच्या कॅन्टीनवर बिबट्या येऊन बसला नसता, तर अरुण खळदकर त्या बुधवारी भर दुपारी घरी आला नसता. बिबट्या तसा शांत होता. शेजारच्या जंगलातून आला, पत्र्यावर बसला, खाली जमलेल्या विमा कंपनीच्या माणसांकडे त्याने एकदा पाहिलं आणि जांभई दिली. पण सुरक्षेच्या कारणास्तव उरलेला दिवस घरून काम करावं अशी मेल लगेच आली, आणि माणसं बिबट्याचे मनापासून आभार मानत पार्किंगकडे पळाली. जगतपुऱ्यातल्या सोसायटीच्या तळघरात अरुणने आपली रोजची गाडी लावली, उतरला, आणि शेजारी राखाडी कव्हराखाली झाकून ठेवलेल्या दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर जाताजाता हात ठेवला. देवळासमोरून जाताना माणूस छातीला हात लावतो तसा तो हात असे. त्यात काही जाणून घ्यायचं नसे. हात त्याने उचलला. मग पुन्हा ठेवला. कव्हराखालचा पत्रा गरम होता.

तळघरात ऊन येत नव्हतं. फेब्रुवारी संपत आला होता आणि खांबांना अजून हिवाळ्याचा गारठा होता. अरुणने कव्हराची कड उचलली, वाकला, आणि आधी नाकाला कळलं: तापलेलं तेल, रबर, आणि त्याखाली अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास, जो फक्त याच इंजिनाला येतो. आत खोल कुठेतरी धातू निवताना बारीक टिकटिकत होता. त्याने कड खाली सोडली आणि इकडेतिकडे पाहिलं, जणू चोरी त्यानेच केली होती. घरी ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावावा आणि मूल आपलं नाहीच असं लक्षात यावं, तसलं काहीतरी त्याला वाटलं. ही उपमा त्याला स्वतःलाच फार आवडली नाही.

गाडी नव्वदच्या दशकातली, जपानी, दोन दारांची, दिवे बॉनेटमध्ये मिटून झोपणारी. चार वर्षांपूर्वी सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉटेलवाल्याच्या वारसांनी ती विकायला काढली, तेव्हा त्यांना ती अडगळ वाटत होती आणि अरुणला आयुष्याचं उत्तर वाटलं होतं. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हते. पिस्टनच्या जागी फुगीर बाजूंचे दोन तिकोनी रोटर, समोशाच्या आकाराचे, आपापल्या खोलीत गरगर फिरत. त्यांच्या टोकांवर बोटभर लांबीची सीलं, आणि ती सीलं झिजू नयेत म्हणून इंजिन स्वतःच थोडं थोडं ऑइल आत घेऊन जाळत असे. ऑइल पिणं हा त्याचा आजार नव्हता, स्वभाव होता. अरुणने या स्वभावावरचं जगात मिळेल ते सगळं वाचलं होतं. त्यातून त्याची योजना तयार झाली होती: आधी गारवा, म्हणजे मोठा रेडिएटर आणि ऑइल कूलर, मग इंधन, मग इंजिन उघडून त्याची हवा-धुराची दारं रुंद करायची, मग इंजिनात हवा कोंबणाऱ्या दोन लहान टर्बोंच्या जागी एक मोठा, आणि ही ताकद पेलायला दोन पाट्यांचा दणकट क्लच. क्रम चुकवायचा नाही. एकही पायरी गाळायची नाही. आणि हे सगळं होईपर्यंत गाडी चालवायची नाही, कारण या अवस्थेत ती चालवणं धोक्याचं होतं. दुसऱ्यांच्या गाड्या कधी आपटतील याचा अंदाज बांधायचा अरुणला पगार मिळत असे. उभ्या गाडीइतकी सुरक्षित गाडी दुसरी नाही, हे तो अधिकाराने सांगू शकत होता.

महिन्यातून एकदा रविवारी तो ती सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या फिरवून, पुरती गरम करून परत झाकत असे. आणि आता तिथेच तळघरात उभं राहून त्याला गेल्या काही महिन्यांतल्या दोन गोष्टींचा उलगडा झाला. एक, उभ्या गाडीचं ऑइल कमी होत होतं. गळतं म्हणून त्याने गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता, आणि पुठ्ठा कोराच राहत होता. दुसरी जास्त बोचरी. गाडी सुधारत होती. पूर्वी कुरकुरत सुरू होणारी गाडी एका फटक्यात सुरू व्हायला लागली होती, उभ्याउभ्या थरथरायची ती स्थिर गुरगुरायला लागली होती. त्याचं श्रेय त्याने पेट्रोलमध्ये स्वतः मोजून मिसळलेल्या तेलाला दिलं होतं आणि इंटरनेटवरच्या जाणकारांच्या कट्ट्यावर त्यावर एक दीर्घ लेखही टाकला होता. सिंगापूरच्या एका माणसाने त्याला गुरू म्हटलं होतं. उभी गाडी आपोआप सुधारत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. ही इंजिनं बसून राहिली की काजळीने चिकटतात, आणि कुणीतरी त्यांना न घाबरता पार वरपर्यंत पळवलं की मोकळी होतात. कुणीतरी पळवत होतं.

पहारेकरी भंवरलाल? त्याला सायकलसुद्धा उभी करता येत नव्हती. अबोली? मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, पण तिने गाडी नेली असती तर सीट मागे ढकललेली, आरसा फिरवलेला आणि आत चिप्सचं पाकीट सापडलं असतं. अरुणने दार उघडून पाहिलं. सीट त्याच्या मापाची. आरसा त्याच्या डोळ्यांचा. पेट्रोलचा काटा रविवारी होता तिथेच, म्हणजे भरून ठेवलेलं. वर घरात किल्ली दारामागच्या खिळ्याला, दात भिंतीकडे करून, जशी तो लटकवत असे तशी. चोर अरुणइतकाच नीटनेटका होता. त्याच्या सवयी इतक्या बारकाईने ठाऊक असलेली व्यक्ती या शहरात एकच होती, आणि ती त्या सवयींवरून गेली वीस वर्षं त्याला टोमणे मारत आली होती.

मंजुषा स्वयंपाकघरात होती. केस ओले, गुडघ्याला पट्टा. "इतक्या लवकर?" तिने विचारलं. "बिबट्या," तो म्हणाला. "बरा आहे ना?" "कोण, बिबट्या?" "तूच. चेहरा बघ कसा झालाय." तिने ताट वाढलं. बुधवार हा तिचा बगरू गावी जायचा दिवस. पुण्यातल्या एका दुकानासाठी ती तिथल्या ठसेछपाईच्या कारखान्यांतून कापड निवडून पाठवायची. सकाळी कॅबने जायची, दुपारी यायची. तिच्या हातांना नेहमी येतो तसा नीळ आणि ओल्या मातीचा वास येत होता. त्याखाली दुसरा कुठला वास आहे का, हे बघायला अरुण वरण वाढून घेण्याच्या निमित्ताने जरा जास्त वाकला. "काय हुंगतोयस?" "काही नाही. हिंग जास्त झालाय का?" "नाही झालेला," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे एक क्षण जास्त पाहत राहिली.

विचारायला हवं होतं. तेव्हाच, वरणभातावर, हसतहसत: काय गं, माझी गाडी पळवतेस होय? एका वाक्याचं काम होतं. पण वाक्य घशात आलं आणि त्याच्यामागून खंबाटकीचा घाट आला. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, गाडी सेकंडहँड, लाल, आणि चालवत होती मंजुषा. नाशिकला भावाच्या जीपवर शिकलेली. बेदरकार नाही, पण हात असा सैल, की गाडी तिच्याशी गप्पा मारतेय असं वाटावं. आणि तो डाव्या सीटवर बसून पाय दाबत होता. थर्ड टाक. अगं थर्ड टाक. आता ट्रक गेला की. आता नको. आता. तिने भांडण केलं नाही. नीरेला चहा झाला आणि परतीच्या वाटेवर ती न बोलता डावीकडे जाऊन बसली, बस्स. त्यानंतर कितीतरी वर्षांनी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या गाडी न चालवण्याला सगळ्यांना मान्य होईल असं कारण मिळालं. अरुणला त्यातल्या त्यात हायसं वाटलं होतं. आता पानात बोटं फिरवताना त्याला जाणवलं, की बुधवारी बगरूच्या वाटेवर, रिंगरोडला, गाडी चालवताना ती कशी दिसत असेल हे त्याला माहीत नाही. वीस वर्षांत पाठ झालेल्या त्या चेहऱ्याचा एक भाग त्याला कधी दाखवलाच गेला नव्हता. विचारलं की तो भाग दिसणार नव्हता, बंद होणार होता. म्हणून तो गप्प बसला. आणि मंगळवारी संध्याकाळी, ती भाजी आणायला गेली असताना, त्याने खाली जाऊन ऑइल भरून ठेवलं.

तिथून ते सुरू झालं. दर मंगळवारी तो ऑइल मोजायची दांडी काढून बघायचा आणि वरच्या खुणेपर्यंत आणून ठेवायचा. बुधवारी ऑफिसात त्याला काम सुचत नसे. बाहेर जंगलात मोर ओरडला तरी त्याला टायर वाजल्यासारखं वाटे. पाण्याचं तापमान, रिंगरोडवरचे उलटे येणारे ट्रॅक्टर, तिचा गुडघा. आणि या सगळ्यावर एखाद्या पातळ सायीसारखी पसरलेली एक चीड, की ती आपल्याला सोडून आनंदात आहे. दुपारी फोन करून तो काहीतरी फुसकं विचारायचा. "दही लावलंयस का?" "तू बुधवारी नेहमी दह्याचं का विचारतोस?" "सहज." पलीकडे तिचा श्वास थोडा चढलेला असे, की त्यालाच तसं वाटे.

आणि योजना बिघडायला लागली. एका इंजिनिअरच्या दृष्टीने, अधःपात. गाडी कोल्हापूरला जाणार होती, उद्यमनगरात पृथ्वीराज नावाच्या पस्तिशीच्या माणसाकडे, ज्याने आतापर्यंत अशी चार इंजिनं उघडून बंद केली होती आणि त्यांतली तीन अजून चालत होती. त्याच्याशी अरुण फोनवर दर आठवड्याला बोलत असे. मार्चमध्ये त्याने मोठा टर्बो रद्द केला. खालून ओढ येत नाही, शहरात त्रास होतो, असं कारण दिलं. मग दारं फार रुंद करू नका म्हणाला. त्याने उभी गाडी भकभकते, वळणावर दचकायला होतं. एप्रिलमध्ये त्याने रेडिएटर आणखी मोठा करायला सांगितला, कारण मे महिन्यात इथे डांबर वितळतं. "तुमी मे मध्ये चालवनार हाय व्हय?" पृथ्वीराजने विचारलं. "चालवली समजा." आणि शेवटी, आवाज जमेल तेवढा सपाट ठेवून, अरुण म्हणाला, "तो दोन पाट्यांचा क्लच नको. हलका टाका. डाव्या पायाला अजिबात जड लागता कामा नये."

पलीकडे ग्राइंडर बंद झाला.

"सायेब, एक इचारू? राग नका मानू. आदी तुमी पाचशे घोडी म्हनत हुता. मी हितं पोरास्नी सांगितलं, जयपूरचा सायेब नाद खुळा हाय. आता तुमचं एकेक घोडं पळून निघालंय. हलका क्लच, मऊ इंजान, मोठा रेडिएटर. गाडी बांधताय का पाळना?"

"वय झालं, पृथ्वीराज."

"तुमचं?"

"माझंच," अरुण म्हणाला.

तरी ती जाणार होतीच. हे त्याला कळत होतं, आणि कळूनही तो तारीख पुढे ढकलत नव्हता. मेच्या दुसऱ्या सोमवारी ट्रक येणार, गाडी जाणार, आणि परत यायला कमीत कमी दिवाळी. तोपर्यंत बुधवार रिकामे. त्याने ही तारीख जेवताना जाहीर केली, अबोलीकडे बघत. "फायनली," अबोली म्हणाली. "बाबा, मतलब आता तुम्ही ती सच में चालवणार?" "परत आल्यावर." "चार साल से परत आल्यावरच आहे तुमचं. आई, तू बोल ना काहीतरी." मंजुषा पोळी मोडत होती. "मी काय बोलू," ती म्हणाली. "बाबांची गाडी आहे." तिने उचललेला घास मात्र तोंडापाशीच राहिला. अरुणला वाटलं, हिने आता म्हणावं: नको पाठवूस. एवढं म्हटलं की तो पाठवणार नव्हता. आणि ती म्हणू शकत नव्हती, कारण मग का, हे सांगावं लागलं असतं. आपण तिला बोलतं करायला पाहतोय, की शिक्षा करतोय, हे त्याचं त्यालाच ठरवता आलं नाही.

त्याच जेवणात त्याने आणखी एक प्रयत्न केला. बरेच दिवस त्याच्या मनात एक भीती होती. या इंजिनाची एक खोड असते: थंड असताना सुरू करून लगेच बंद केलं, की आत पेट्रोल तुंबतं, सीलांवरचं तेल धुऊन जातं आणि मग ते सुरूच होत नाही. सुरू केलं की गरम करायलाच लागतं, मधलं काही चालत नाही. मंजुषा दर बुधवारी लांब जाते, त्यामुळे तिच्यावर ही वेळ कधी आली नसणार. पण आली तर? म्हणून त्याने अबोलीला, तुमच्या कॉलेजात रोटरी इंजिन शिकवतात का, अशी सुरुवात केली. "सिलॅबसमध्ये नाही," अबोली म्हणाली. तो तरी रेटत राहिला, ती खोड नेमकी सांगायच्या टप्प्यावर आला, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून मंजुषा उठून आत गेली. अबोलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतनी नौटंकी करणारी गाडी कोण घेतं?"

ट्रक यायच्या आधीच्या शनिवारी ऑफिस अर्धा दिवस होतं. साडेदहाला भंवरलालचा फोन आला. तळघरात पट्टे रंगवायचे म्हणून सगळ्यांनी गाड्या हलवायच्या होत्या, ग्रुपवर सूचना होती, अरुणने वाचली नव्हती. "साब, आपकी वो ढकी हुई गाडी..." "हात लावू नका. हाथ मत लगाना. मैं आ रहा हूँ." "अरे नहीं साब, टेंशन मत लो. मैडमजी ने हटा दी." अरुण खुर्चीतून उठला. "हटा दी?" "हाँ जी, बस उस खंभे तक. फिर बंद कर दी." काचेबाहेर झालान्याच्या टेकड्या उन्हात पांढऱ्या पडल्या होत्या. "बंद कर दी," अरुण म्हणाला. "हाँ साब. अब पेंटर बोल रहा है थोडा और आगे लो, तो चालू ही नहीं हो रही. मैडम तब से लगी हुई हैं." मागे, तळघराच्या पोकळीत, सेल्फचा आवाज ऐकू येत होता: लांब, कण्हणारा, प्रत्येक वेळी थोडा दमलेला.

जवाहर सर्कलपाशी सगळे सिग्नल त्याच्याकडे बघून लाल होत होते. ती एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेली आणि तिने गाडी बंद केली. का बंद करणार नाही? शहाण्या माणसाने कुठलीही गाडी तशीच बंद केली असती. तिला सांगणारा एकच माणूस होता आणि तो दोन महिने दह्याची चौकशी करत होता. इंजिनाचं आता काय झालं असेल याचं चित्र त्याला स्पष्ट दिसत होतं. पण त्या चित्रात सारखी मंजुषा येत होती, किल्ली फिरवत, भोवती पेंटर उभे, प्रत्येकजण सल्ला देतोय. त्या घोळक्यात आपणही सामील व्हायला निघालोय, हे त्याला रेल्वेपूल ओलांडताना सुचलं, आणि त्याने वेग थोडा कमी केला. मग पुन्हा वाढवला.

ती ड्रायव्हरच्या सीटवर होती. सीट पुढे ओढलेली; आज ती मागे करायला वेळ मिळाला नव्हता. दार उघडं, चेहरा लाल, पदराने मान पुसलेली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत त्याला जे दिसलं ते ओशाळणं नव्हतं. भीती होती, आणि ती त्याच्याबद्दल नव्हती.

"मी फक्त तिथून इथपर्यंत आणली," ती म्हणाली. "भंवरलाल घाई करत होता. काय केलं मी? तुटलंय का काही?"

"नाही. पेट्रोल तुंबलंय. होतं असं."

"मॅडम, धक्का मारू काय?" एक पेंटर हिंदीत म्हणाला, दुसरा म्हणाला, बॅटरी गेली, तिसरा कुणाचा तरी मेहुणा सांगत होता जो मेकॅनिक होता. अरुणने आपली गाडी समोर आणून बॅटरीला वायर जोडल्या. बॉनेट उघडून इंधनाच्या पंपाचा फ्यूज उपटला. चार वर्षं पाठ केलेलं सगळं हातांना माहीत नव्हतं, डोक्याला माहीत होतं. "ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेव आणि सेल्फ मार," तो बॉनेटआडून म्हणाला. "पूर्ण?" "पूर्ण. सोडू नकोस." इंजिन फिरलं, फुसफुसलं, ओल्या घशाने खोकल्यासारखं. थांब. पुन्हा. थांब. त्याने फ्यूज परत बसवला. "आता."

गाडी अखेर सुरू झाली तेव्हा तळघरात वीज पडल्यासारखा आवाज झाला आणि मागून पांढऱ्या धुराचा एक अख्खा डोंगर बाहेर आला. पेंटर डबे टाकून पळाले. भंवरलाल वाळूची बादली घेऊन आला आणि अरुणवर ओतावी की गाडीवर, या विचारात उभा राहिला. धुरातून मंजुषाचं हसू ऐकू आलं, मोठं, तोंडावर हात न घेतलेलं. अरुणने ते कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना. "बंद करू नकोस!" तो ओरडला. "आता ही गरम झाल्याशिवाय बंद करायची नाही. फिरवून आणायला लागेल."

"कोणी?"

त्याने वायर काढल्या, बॉनेट लावलं, आपली गाडी बाजूला घेतली आणि डावीकडून येऊन, दार उघडून बसला. या गाडीत तो या बाजूला कधीच बसला नव्हता.

गोनेरच्या रस्त्याने ते रिंगरोडला लागले, आणि तिथे अरुणच्या लक्षात आलं की मंजुषा वाईट चालवतेय. गिअर टाकताना खडखड करतेय, क्लच अडखळत सोडतेय, चौथ्या गिअरमध्ये गाडी चढावर कण्हत चाललीय आणि ती घाबरल्यासारखी स्टिअरिंगला चिकटून बसलीय. आधी त्याला वाटलं, धक्का बसलाय. मग कळलं. ती नवखी होऊन दाखवत होती. आज पहिल्यांदाच गाडी हातात घेतलेल्या बाईचं सोंग ती त्याच्यासाठी वठवत होती, आणि इतकं वाईट वठवत होती की त्याला बघवेना. उजव्या बाजूला वाळकी शेतं, कोरडे बाभळीचे फटकारे. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. गप्प बसावं. ती सांगेल ते खरं मानावं, घरी जावं. सोमवारी ट्रक येईल.

"जड आहे रे क्लच," ती म्हणाली. "कसा चालवणार तू?"

आणि तेव्हा त्याला दया आली, आणि दया आली की तो नेहमीच जास्त बोलत असे. "तो बदलतोय," तो म्हणाला. "कोल्हापूरला. अगदी हलका बसवायचाय. आणि रेडिएटर मोठा. इंजिनाला फार काही करत नाही, मऊच ठेवतोय. मोठा टर्बो रद्द केला. सीटसुद्धा आणखी पुढे येईल अशी..."

तो थांबला. फार उशिरा थांबला. मंजुषाने रस्त्यावरून नजर हलवली नाही, पण तिची पाठ हळूहळू सीटला टेकली, खांदे उतरले, आणि हात सैल झाले. तिने गिअर दोनदा खाली घेतला, आवाज न करता, पायाने मधेच अलगद फुंकर घातल्यासारखा ॲक्सिलरेटर देऊन, आणि गाडी किंचाळली नाही, गायला लागली. काटा चढत गेला. मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या पुढे एक बारीक भोंगा वाजतो हे अरुणने वाचलं होतं; तो वाजला आणि त्याच क्षणी तिने वरचा गिअर घेतला, तिला तो ऐकायची गरज नव्हती. त्याच्या पाठीला सीटने मागून ओढून घेतलं. त्याने बाजूला पाहिलं. तोच तो चेहरा, जो त्याला पाहायचा होता. तो रागाने पांढरा पडला होता.

बगरूच्या अलीकडे, टेम्पो उभे राहतात त्या जागी, तिने गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"फेब्रुवारी."

"आणि बोलला नाहीस."

"तुझं... तुला आनंद मिळत होता. म्हटलं, मिळू दे."

"मिळू दे," ती म्हणाली. एक टेम्पो हॉर्न देत गेला. "आणि ऑइल? मी वाचलं होतं, ही ऑइल पिते. मीही बघायचे दांडी काढून, दर बुधवारी निघायच्या आधी. फेब्रुवारीपर्यंत उतरायचं. मग उतरायचंच बंद झालं."

अरुणने पुढच्या काचेकडे पाहिलं.

"मला वाटलं, मला जमायला लागलं," मंजुषा म्हणाली. "वाटलं, आता माझ्या हातात ती ऑइल मागत नाही. कुणाला सांगितलं नव्हतं मी हे. स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं."

"मंजू, सीलं खराब होतात गं ऑइल कमी पडलं की. मला काळजी..."

"तू ह्याच्यातपण आलास," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "इतकी मोठी गाडी, इतका लांब रस्ता, आणि तू डावीकडे बसूनच होतास. दर बुधवारी. फक्त मला दिसत नव्हतास." तिने पलीकडे वाकून त्याचं दार उघडलं. गरम वारा आत आला. "उतर."

"इथे?"

"अरुण, उतर."

तो उतरला. दार लावताना त्याच्या तोंडून शब्द निसटायला लागले, पाण्याचा काटा बघ, असे काहीतरी, आणि त्याने ते दातांत चावले. गाडी निघाली. अजमेर रोडच्या पुलाखालून वळली आणि दिसेनाशी झाली. मग फक्त गिअर बदलतानाचा आवाज. दुसरा. तिसरा. चौथ्याला ती थोडी थांबली, की त्याला तसं वाटलं. पुढे अजमेर होतं, त्यापुढे बराच भारत होता, आणि टाकीत पेट्रोल किती आहे हे त्याला नेमकं माहीत होतं. परत येईल तेव्हा कुठल्या रस्त्याने, आणि येईलच का, हे त्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. उन्हात उभं राहून तो कान देत राहिला, आवाज संपला तरी.

खिशातला फोन वाजला तेव्हा तो दचकला.

"सायेब, नमस्कार," पृथ्वीराज म्हणाला. "ट्रकवाल्याचा फोन आलता. सोमवारी येक वाजता यील, गाडी खाली आनून ठेवा. आनि टाकी रिकामी करा."

"सोमवारी नको. ट्रक नको."

"म्हंजे?"

"गाडी इथे नाही."

"हितं न्हाई म्हंजे? तुमची गाडी जागची हलत न्हवती की ओ! कुनी नेली?"

रस्त्यापलीकडे वाळत घातलेले निळ्या कापडाचे तागे वाऱ्याने एकदम फुगले आणि खाली बसले. अरुणने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय माहीत," तो म्हणाला. "मला खरंच माहीत नाही."